एकेरी रूळ आणि पाच गाड्या

तृतीय वर्ष, प्रॉडक्शन (मुलींचे वसतिगृह)

आधीच कबूल करून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा माझ्यासाठी दहावीपर्यंत फक्त एक पेपर होता, आणि घरी आम्ही मालवणी बोलतो. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधाराव्यात आणि ज्या राहतील त्या छापखान्याच्या नावावर घालाव्यात. मराठी विभागासाठी लेख मागताना मॅडम म्हणाल्या होत्या, "अभ्यासाला उपयोगी पडेल असं काहीतरी लिही, पावसाळ्यावर नको." पण पाऊस थोडासा येणारच. मी बांद्याची आहे.

बांदा म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न येतो, "म्हणजे बांद्रा?" नाही हो! बांदा म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, सावंतवाडी तालुक्यातलं, तेरेखोल नदीच्या काठावरचं गाव. मुंबई-गोवा हायवेवरून पुढे गेलात की पत्रादेवीला गोवा लागतं. आमचं जवळचं रेल्वे स्टेशन मडुरे. बहुतेक जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. पण कधीकधी थांबतात, आणि त्या आम्हाला घ्यायला नाही, तर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला. दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉस्टेलवर परत येताना माझी गाडी अशीच एका स्टेशनात पाऊण तास उभी होती. शेजारचे काका चिडून म्हणाले, "काय हा टाइमटेबलचा पोरखेळ!" त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात जे आलं ते म्हणजे हा लेख.

त्या वेळी माझ्याकडे पाच कामं होती. जर्नल आणि टर्मवर्क, मिनी प्रोजेक्ट, डिपार्टमेंटच्या टेक्निकल फेस्टची जबाबदारी (मी इव्हेंट कोऑर्डिनेटर, म्हणजे स्पॉन्सरच्या मागे फिरणारी), गावच्या हौशी दशावतारात पेटी वाजवायची होती ती, आणि गेट. तिसऱ्या वर्षालाही गेट देता येते हे आपल्याकडे अजून पुष्कळांना माहीत नसतं. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून मी आत्ताच बसायचं ठरवलं. खरं कारण वेगळं आहे. माझा भाऊ बारावीला आहे. घरात दोघांच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च एकदम झेपणार नाही, हे बाबांनी कधी स्पष्ट सांगितलं नाही, पण मला गणित येतं. गेटमधून एम. टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड असतो. तो मिळाला तर मी पुढे शिकेन. नाही मिळाला तर कॅम्पसमध्ये जी नोकरी येईल ती. इतकं ते सरळ आहे.

आणि पेटी? तिला मी छंद म्हणते, कारण फॉर्मवर तशीच जागा असते. माझे आजोबा पन्नास वर्षं दशावताराला पायपेटी वाजवत आले. आता ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा हात थरथरतो. यंदा ते म्हणाले, "औंदा मी मागे बसान. तू वाजव." पुढच्या वर्षी ते मागे तरी बसू शकतील का, हे कोणीच बोललं नाही. म्हणजे छंदालाही डेडलाइन होती, आणि इतर चार डेडलाइनपेक्षा ती पक्की होती.

आता रेल्वेकडे येऊ. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून रोह्यापासून मंगळूरच्या बाजूपर्यंत सलग धावू लागली. ई. श्रीधरन तिचे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक. मार्ग ७४० किलोमीटरच्या आसपास. २०२१ मध्ये रोहा ते वीर हा तुकडा दुहेरी झाला, पण बाकी बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. एकाच रुळावरून राजधानी, मांडवी, जनशताब्दी, मालगाड्या, सगळ्या दोन्ही दिशांनी जातात. दोन गाड्या एकमेकींना फक्त स्टेशनात भेटू शकतात, जिथे बाजूला लूप लाइन असते. म्हणजे मध्ये कुठेही "थोडं तू सरक, थोडी मी सरकते" असं चालत नाही.

माणसाचं डोकंही असंच एकेरी आहे. आपण म्हणतो मी मल्टिटास्किंग करते. खरं तर आपण फार वेगाने गाड्या बदलत असतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलो की लक्षाचा थोडा भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि नव्या कामाची गुणवत्ता घसरते. आपण ते रोज बघतो. थर्मोच्या गणितात बसलेलं असताना फेस्टच्या ग्रुपवर "बॅनरचा साईज काय?" येतं. उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात. गणितात परत यायला दहा मिनिटं.

हे अगदी साध्या आकड्यांनी बघा. दोन असाइनमेंट आहेत, प्रत्येकी तीन संध्याकाळींच्या. एक दिवस ही, एक दिवस ती, असं केलं तर पहिली पाचव्या संध्याकाळी संपते, दुसरी सहाव्या. आधी एक पूर्ण, मग दुसरी, असं केलं तर पहिली तिसऱ्या संध्याकाळीच संपते आणि दुसरी सहाव्यालाच. दुसरीचं काडीचंही नुकसान नाही, पहिली दोन दिवस आधी हातावेगळी. आणि यात गाडी बदलण्याचा वेळ मी धरलेलाच नाही. तरीसुद्धा आपण आलटून पालटून करतो. कारण त्यात "सगळीकडे काहीतरी चालू आहे" असं समाधान मिळतं. ते समाधान मी चौथ्या सेमिस्टरला भरपूर घेतलं आणि मॅथ्सच्या पेपरला केटी लागली. कारणं सांगत नाही, सगळ्यांची सारखीच असतात.

एकेरी मार्गावर दिवसाला किती गाड्या धावू शकतात, यासाठी आपल्या रेल्वेत एक जुनं सूत्र वापरतात, स्कॉटचं सूत्र. दिवसाची १४४० मिनिटं घ्यायची. सगळ्यात अडचणीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या ज्या टप्प्याला सर्वात जास्त वेळ लागतो तिथे, हळू गाडीला लागणारी मिनिटं धरायची. त्यात ब्लॉक चालवायला, म्हणजे लाइन क्लिअर घेणं, सिग्नल देणं वगैरेला लागणारी मिनिटं मिळवायची. १४४० ला त्या बेरजेने भागायचं आणि ०.७ ने गुणायचं. उदाहरणार्थ धावायला १५ मिनिटं, ब्लॉकला ५. १४४० भागिले २० म्हणजे ७२, गुणिले ०.७ म्हणजे साधारण ५० गाड्या, दोन्ही दिशा मिळून.

मला या सूत्रातल्या दोन गोष्टी फार आवडल्या. एक म्हणजे क्षमता सगळ्यात वेगवान टप्प्यावरून काढत नाहीत, सगळ्यात अडचणीच्या टप्प्यावरून काढतात. आपण वेळापत्रक करताना उलट करतो. ज्या दिवशी सकाळी सहाला उठून तीन चॅप्टर झाले तो दिवस डोक्यात धरतो आणि तसे तीस दिवस मांडतो. दुसरी गोष्ट ०.७ ची. बहात्तर गाड्या कागदावर मावतात, तरी रेल्वेवाले पन्नासच धरतात.

हे ०.७ आलं कुठून? ते अनुभवातून घेतलेलं आहे, पण त्यामागची भीती ओ.आर.च्या क्यूइंग थिअरीत स्पष्ट दिसते. एक खिडकी, कधीही येणारी माणसं, कमी-जास्त वेळ लागणारं काम, अशा सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये खिडकी किती टक्के व्यग्र आहे याला रो म्हणतात आणि तिथे असणाऱ्या माणसांची सरासरी संख्या रो भागिले (१ वजा रो) येते. खिडकी ७० टक्के व्यग्र असेल तर सरासरी २.३ माणसं. ९० टक्के झाली तर ९. आणि ९५ टक्के झाली तर १९! व्यग्रता ७० वरून ९५ वर, म्हणजे वाढ पंचवीस टक्क्यांची, पण रांग आठपट. मेसच्या काउंटरवर पोळ्या संपत आल्या की जे होतं ते हेच. मेसवाल्या मावशींना ओ.आर. शिकवायची गरज नाही, त्या आधीच एक तवा जास्त टाकतात.

आता माझी संध्याकाळ स्कॉटच्या सूत्रात घालते. सहा ते अकरा, ३०० मिनिटं. गेटचा एक नीट सराव ९० मिनिटांचा. बसायला, पुस्तक शोधायला, "पाणी पिऊन येते" म्हणून तीन खोल्या फिरून यायला १५ मिनिटं. ३०० भागिले १०५, गुणिले ०.७, उत्तर दोन. म्हणजे एका संध्याकाळी माझ्याकडून दोनच मोठी कामं होऊ शकतात. माझ्या भिंतीवरच्या वेळापत्रकात पाच लिहिलेली होती.

मग मी हुशारी केली. म्हटलं, ९० चे तुकडे करून ४५ मिनिटांच्या बैठका घेऊ. सूत्र घातलं तर साडेतीन बैठका आल्या, म्हणजे १५७ मिनिटं. आधी १८० होती. तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला पुन्हा ते १५ मिनिटांचं भाडं पडतं. पण बैठक ९० चीच ठेवून ते १५ चं ५ केलं तर जवळजवळ २०० मिनिटं मिळतात. म्हणजे जास्त वेळ बसण्यापेक्षा लवकर बसायला लागणं स्वस्त पडतं.

आणि हे मला शिकवलं दशावताराने. माझा मामा दिवसा गोव्याच्या हद्दीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो आणि जत्रांच्या हंगामात रात्री दशावतारात स्त्रीपात्र करतो. ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते (२०२५ साली आलेला सिनेमा पाहून ज्यांना वाटतं की आपल्याला सगळं कळलं, त्यांच्यासाठीही). लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी आज कुठलं आख्यान आणि कोणाला कुठली भूमिका ते ठरतं आणि संवाद कलाकार रंगमंचावर स्वतः रचतो. रंगरंगोटी ज्याची त्याने करायची. सुरुवातीला गणपती, मग संकासुराची धमाल, मग आख्यान, ते उजाडेपर्यंत. वेषभूषा, मुकुट, दागिने सगळं पेटाऱ्यात असतं आणि पेटाऱ्याला देवासारखा मान असतो. आता या पेटाऱ्याकडे इंजिनीअरच्या नजरेने बघा. प्रयोग संपला की दमलेली माणसंसुद्धा आधी पेटारा भरतात, मग झोपतात. दुसऱ्या गावात उतरल्यावर "माझी साडी खंय गेली" असा प्रश्न येत नाही. म्हणजे ब्लॉकचा वेळ जवळजवळ शून्य. मी हॉस्टेलवर परत आल्यावर पहिलं काम हे केलं. एका जुन्या बुटाच्या खोक्यात गेटची वही, कॅल्क्युलेटर, पेन, कच्चे कागद, इअर प्लग. रात्री उठताना ते भरून ठेवायचं. रूममेटने खोक्याला हळदकुंकू वाहिलं, ते वेगळं.

मामाला मी विचारलं होतं, दोन्ही कसं जमतं? तो म्हणाला, "लोकांका वाटता मी दोन कामा करतंय. मी एका वेळेक एकच करतंय. हिशोबाच्या वेळेक हिशोब, शृंगाराच्या वेळेक शृंगार." मग हसून म्हणाला, "आणि पावसात कायच नाय, फकत शेती." ते खरंच आहे. दशावताराचा हंगाम कार्तिकात सुरू होतो, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा असते, आणि प्रयोग मे महिन्यापर्यंत चालतात. पावसाळ्यात भातशेती. वर्षभर सगळं सारखं करायचं असा हट्टच नाही.

कोकण रेल्वेचंही तसंच. पावसाळ्यात तिचं वेळापत्रकच वेगळं असतं. पुष्कळ वर्षं ते १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. पाऊस फार झाला आणि समोरचं दिसेनासं झालं की वेग ताशी ४० वर आणायचा असा नियम आहे. दरड कोसळेल तेव्हा बघू, असं ते म्हणत नाहीत. जूनच्या आधीच गाड्यांना जास्त वेळ देऊन टाकतात. तरीही ९ जुलै २०२४ ला मडुऱ्याच्या पुढे, पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला आणि वाहतूक बंद पडली. तो बोगदा बांधतानाच भुसभुशीत मातीने श्रीधरन यांच्या माणसांना फार छळलं होतं. वेळापत्रक सगळ्यावर उपाय नाही. पण निदान प्रवाशाला आधीच माहीत असतं की या दिवसांत गाडी हळू जाणार. आपल्याकडे सबमिशनचा पंधरवडा दर सेमिस्टरला येतो, तारीखसुद्धा माहीत असते, आणि दर सेमिस्टरला आपण त्या पंधरवड्यासाठी जानेवारीतलाच वेग धरतो.

आता सगळ्यात कठीण प्रश्न. सगळं मावतच नसेल तर काय सोडायचं? जानेवारीत माझ्याकडे कामाचे २४ दिवस होते. प्रत्येक कामाला किती दिवस लागतील याचा मी प्रामाणिक अंदाज केला (दोनदा केला, पहिल्यांदा प्रामाणिक नव्हता). टर्मवर्क ३ दिवस, सहाव्या दिवशी द्यायचं. मिनी प्रोजेक्ट ५ दिवस, नवव्या दिवशी. फेस्ट ८ दिवस, चौदाव्या दिवशी. पेटीचा सराव ४ दिवस, प्रयोग अठराव्या दिवशी. गेटची उजळणी १० दिवस, चोविसाव्या दिवशी संपवायची. बेरीज ३०. म्हणजे सहा दिवस कमी.

आपण नेहमी काय करतो, ज्याची तारीख आधी ते आधी. ओ.आर.मध्ये याला अर्लिएस्ट ड्यू डेट म्हणतात आणि जॅक्सन यांनी १९५५ मध्येच दाखवलं की सर्वात जास्त उशीर कमीत कमी ठेवायचा असेल तर हाच क्रम उत्तम. माझे आकडे घाला. टर्मवर्क तिसऱ्या दिवशी, वेळेत. प्रोजेक्ट आठव्या दिवशी, वेळेत. फेस्ट सोळाव्या दिवशी, दोन दिवस उशीर. पेटी विसाव्या दिवशी, म्हणजे प्रयोग होऊन दोन दिवसांनी मला आख्यानाची चाल आली! गेट तिसाव्या दिवशी. पाचपैकी तीन कामं बुडाली. उशीर समान वाटला गेला, न्याय झाला, आणि हाती काही लागलं नाही.

१९६८ मध्ये मूर यांनी दुसरी रीत सांगितली. किती कामं चुकतात ती संख्या कमीत कमी करायची. तारखांच्या क्रमाने कामं घेत जायचं, आणि जिथे पहिल्यांदा उशीर होतो तिथे थांबून आतापर्यंत घेतलेल्यांपैकी सर्वात लांब काम बाहेर काढायचं. लक्षात घ्या, ज्याला उशीर झाला तेच काम काढा असं नाही, जे सर्वात लांब आहे ते काढा. माझ्या बाबतीत टर्मवर्क ३, प्रोजेक्ट धरून ८, फेस्ट धरून १६, आणि तारीख १४. इथे अडलं. तिघांत लांब फेस्ट. काढा. मग पेटी धरून १२, तारीख १८, छान. गेट धरून २२, तारीख २४, छान. चार कामं वेळेत, एक गेलं.

कागदावर हे दोन मिनिटांत झालं. प्रत्यक्षात कोऑर्डिनेटरपद सोडते असं सांगायला मला चार दिवस लागले. बायोडेटामध्ये ती ओळ किती छान दिसली असती! शिवाय मी सोडलं तर सगळे म्हणणार, जबाबदारी टाकून पळाली. काही जणांनी म्हटलंही. ज्या ज्युनिअरला मी फाइल दिली तिने माझ्यापेक्षा दोन स्पॉन्सर जास्त आणले, तेव्हा मला आनंद कमी आणि वाईट जास्त वाटलं, हेही लिहून ठेवते.

मूरच्या रीतीत एक खोट आहे. तिला सगळी कामं सारखीच. समजा फेस्टऐवजी सर्वात लांब काम पेटीचं निघालं असतं, तर तिने आजोबांना काढायला सांगितलं असतं. तेव्हा मी ऐकलं नसतं. कामांना वजन असेल तर गणित बरंच अवघड होतं, आणि वजन किती द्यायचं हे कुठलंही पुस्तक सांगत नाही.

दुसरी अडचण म्हणजे २४ पैकी २२ दिवस भरले होते. बाण्णव टक्के. ०.७ चं काय? मग अजून कापाकापी. प्रोजेक्टची ड्रॉइंग्ज पार्टनरने घेतली, माझे ५ चे ३ झाले. पेटीसाठी पूर्ण आख्यान न घेता पहिला अर्धा भाग मी आणि पुढचा नेहमीचा वादक, म्हणजे ४ चे २. गेटमधले दोन विषय मी सरळ सोडून दिले, १० चे ९. एकूण १७. २४ पैकी १७ म्हणजे ७१ टक्के. उरलेल्या सात दिवसांत मला ताप आला (दोन दिवस), लाइट गेली (एक संध्याकाळ), आणि रूममेटच्या घरी अडचण आली म्हणून तिला गाडीत बसवून देण्यात एक दिवस गेला. यातलं काहीच वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठराविक तिथी नसते, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. अख्खी मुंबई त्या तारखेसाठी थांबलेली असते आणि ती आली की रेल्वे जास्तीच्या गाड्या सोडते. रुळावर जागा शिल्लक असते म्हणूनच त्या सुटू शकतात.

एक चूक मात्र मी आधीच करून बसले होते, आणि ती कॉम्प्युटरच्या रूममेटने मला समजावली. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर स्वतःहून पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागला. कारण असं सापडलं. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी महत्त्वाचं काम एका सामायिक गोष्टीचं कुलूप धरून होतं. सर्वात महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी थांबलेलं. आणि मधल्या महत्त्वाचं एक लांबलचक काम मध्ये घुसून त्या छोट्या कामाला चालूच देत नव्हतं. म्हणजे मधल्याने धाकट्याला अडवलं आणि त्यामुळे थोरला अडला. उपाय पृथ्वीवरून पाठवला. जोपर्यंत थोरला धाकट्याची वाट बघतोय तोपर्यंत धाकट्याला थोरल्याचं महत्त्व द्यायचं.

माझा थोरला म्हणजे गेटचा फॉर्म. धाकटा म्हणजे पासपोर्ट साइझ फोटो. जुना फोटो चालत नव्हता, नवा काढायला स्टुडिओत जायचं होतं, वीस मिनिटांचं काम. "फोटोच तर आहे" म्हणून मी तो रोज उद्यावर ढकलला. आणि मधला म्हणजे फेस्टच्या मीटिंगा, रोज संध्याकाळी, स्टुडिओ बंद होईपर्यंत. शेवटी मुदत टळली आणि फॉर्म विलंब शुल्कासह भरला. ते पैसे मी घरी मागितले तेव्हा बाबांनी कारण विचारलं नाही, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून मी यादी करताना कामाचं नाव लिहित नाही, ते काम कशासाठी अडलंय ते लिहिते. ब्रिजकोर्सवाल्यांचं नो ड्यूज, एचओडींची सही, झेरॉक्स, हे सगळे धाकटे.

कँटीनमध्ये असा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "डॉ. लागू बघ, सर्जन आणि नट दोन्ही!" मला ते उदाहरण आवडतं, पण तारखा बघून. श्रीराम लागूंनी मेडिकलला असताना नाटकं केली, कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात प्रॅक्टिस केली, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा-इंग्लंडला गेले, आफ्रिकेत टांझानियात काम केलं. आणि १९६९ साली डॉक्टरी सोडून पूर्णवेळ नट झाले. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० चा. म्हणजे दोन्ही जन्मभर बरोबरीने चाललं नाही. एका गाडीला शेवटी लूपमध्ये जावं लागलं. दिलीप प्रभावळकरांनीही बरीच वर्षं नोकरी सांभाळून नाटकं केली. आणि वर मी ज्या 'दशावतार' सिनेमाचा उल्लेख केला त्यातला म्हातारा कलाकार त्यांनीच केला.

जयंत नारळीकरांची गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. ती कथा लिहायला त्यांनी सुरुवात केली एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसलेलं असताना, असं त्यांनीच सांगितलं आहे. (प्राध्यापकांनी हे वाचून आमच्या शेवटच्या बाकांवर संशय घेऊ नये.) क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीतला वेळ म्हणजे तोच. मी त्या पाऊण तासात चिडले नाही, कारण वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहीत होते.

आणि चिडले नाही याचं दुसरं कारण, त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. एकेरी मार्गावर कोण थांबणार हे महत्त्वावरून ठरतं. एक्सप्रेस जाते, पॅसेंजर थांबते. दिवा-सावंतवाडी गाडीतून प्रवास केलेल्यांना विचारा. ती राजधानीला वाट देते, मांडवीला देते, मग मालगाडीलासुद्धा देते. माझ्या पाच कामांत अशी पॅसेंजर कोण होती? गेट. कारण टर्मवर्कसाठी सर ओरडतात, प्रोजेक्टसाठी पार्टनर, फेस्टसाठी ग्रुप, पेटीसाठी आजोबांचा फोन. गेटसाठी कोणीच ओरडत नाही. जिच्यासाठी मी हे सगळं करत होते तीच गाडी दोन महिने लूपमध्ये उभी होती, आणि मला वाटत होतं ती धावतेय, कारण भिंतीवर तिचं नाव सगळ्यात वर लिहिलेलं होतं.

जत्रेच्या रात्री काय झालं ते थोडक्यात. मी पहिला अर्धा भाग वाजवला. संकासुराच्या प्रवेशात दोनदा सूर चुकला, त्याने तो चुकलेला सूर पकडूनच विनोद केला आणि लोक हसले. आजोबा मागे शाल घेऊन बसले होते. दीडच्या सुमारास पेटी बदलली तेव्हा म्हणाले, "भातो जोरान मारतंस. दमतलंस. हळू मार, रात मोठी आसा." मग मी पडद्यामागे पेटाऱ्याला टेकून झोपले आणि सकाळी साडेसहाच्या एस.टी.ने सावंतवाडी गाठली.

गेट फेब्रुवारीत झाली. तीन तास, पासष्ट प्रश्न. मी सोडलेल्या दोन विषयांवर सात मार्कांचे प्रश्न आले, आणि केलेल्यांपैकी बरेचसे सुटले असं वाटतंय. निकाल मार्चमध्ये. हा लेख संपादक मंडळाकडे त्याआधी द्यायचा असल्यामुळे तो इथे छापता येणार नाही.

ज्यांना आपले आकडे स्कॉटच्या किंवा मूरच्या रीतीत घालून बघायचे असतील त्यांनी रात्री जेवणानंतर आठ ते साडेआठ मेसच्या बाहेरच्या कट्ट्यावर यावं. वही घेऊन यावं. सध्या माझ्याकडे तेवढाच लूप रिकामा आहे.